काउंट उतरला, म्हणजे बरं झालं का?

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करणाऱ्याला रात्री-अपरात्री येणारे फोन बहुतेक एकाच सुरातले असतात. "काकांचा रिपोर्ट आला का हो? पांढऱ्या पेशी किती?" मी सांगतो, सोळा हजार. पलीकडे कुणीतरी "काल बावीस होत्या" असं म्हणतं आणि हायसं वाटल्याचा आवाज येतो. काउंट उतरला म्हणजे इन्फेक्शन उतरलं, हा हिशेब घराघरांत पक्का बसलाय.

माझी नजर मात्र त्याच कागदावर दोन ओळी खाली अडकलेली असते. तिथे पांढऱ्या पेशींच्या जातींची वाटणी असते: न्यूट्रोफिल ९२ टक्के, लिम्फोसाइट ४ टक्के. सोळा हजारांचे चार टक्के म्हणजे ६४०. धडधाकट मोठ्या माणसात हा आकडा सहसा हजाराच्या खाली जात नाही. काका आयसीयूत आहेत, डॉक्टरांनी "सेप्सिस" असं सांगितलंय, आणि पांढऱ्या पेशींमधली एक अख्खी जमात त्यांच्या अंगातून नाहीशी होत चालली आहे. हे फोनवर कसं सांगायचं?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे पायात खिळा घुसून पू झाला की "सेप्टिक झालं" म्हणतात. ते सेप्सिस नव्हे. ती जखम चिघळली, एवढंच. "रक्तात इन्फेक्शन पसरलं" हेही अर्धंच खरं, कारण सेप्सिसच्या कितीतरी रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतच नाहीत. २०१६ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली तिचा गाभा असा: संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तरच बिघडतं, आणि त्या बिघाडाने मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, मेंदू असे अवयव निकामी होऊ लागून जीव धोक्यात येतो. सुरुवात न्यूमोनियाने होवो, लघवीच्या संसर्गाने किंवा फुटलेल्या अपेंडिक्सने. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झालं आणि त्यातले १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक.

आता "उत्तर बिघडतं" म्हणजे नेमकं काय? फार जोरात दिलं जातं की फार हळू? कित्येक वर्षं वैद्यकशास्त्राने "जोरात" हेच उत्तर धरून ठेवलं होतं. त्याला एका उंदराने आधीच सुरुंग लावलेला होता.

प्रयोगशाळांमध्ये उंदरांचा एक वाण होता, त्याचं नाव सी३एच/एचईजे. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. तो टोचला की साधा उंदीर तापाने फणफणतो, त्याचा रक्तदाब कोसळतो आणि तो मरतो. हा वाण मात्र ढिम्म. मग हा उंदीर सेप्सिसला अजिंक्य म्हणायचा का? नाही. त्याला एंडोटॉक्सिनऐवजी जिवंत जिवाणूंचा संसर्ग झाला, तर साध्या उंदरांपेक्षा तो फार लवकर मरतो. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने कारण शोधलं: टीएलआर४ नावाच्या, एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष होता. या कामाला २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ज्या दाहाने साधा उंदीर मरतो, त्याच दाहाच्या अभावी हा मरतो. सेप्सिसचा सगळा गुंता या एका वाक्यात आहे. पुढचं सगळं म्हणजे कोणती पेशी कधी कुठल्या बाजूने झुकते, याची हकीकत.

न्यूट्रोफिलपासून सुरू करू, कारण रिपोर्टवर तोच सगळ्यात मोठा दिसतो. हाडांच्या मगजात रोज काही हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. आयुष्य अगदी थोडं. जंतू दिसला की रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर सरकायचं, त्याला गिळायचं, विकरांनी आणि ब्लीचसारख्या जहाल रसायनांनी मारायचं आणि स्वतःही संपायचं. जखमेतला पू म्हणजे बव्हंशी मेलेले न्यूट्रोफिलच. संसर्ग मोठा असला की मगजातला साठा रिकामा होतो आणि अर्धवट वाढलेल्या पेशीही रक्तात ढकलल्या जातात. काचपट्टीवर त्यांचं केंद्रक पट्टीसारखं, न कापलेलं दिसतं, म्हणून रिपोर्टमध्ये "बँड" असं लिहिलेलं असतं. ते जास्त असले की मी फोनची वाट न पाहता स्वतःच वॉर्डला कळवतो.

एवढ्या संख्येने, एवढं जहाल सामान घेऊन हे अंगभर फिरू लागले की काय होतं? शेतात घुसलेली गुरं हाकलायला अख्खं गाव धावलं, तर गुरं जातात, पण पीकही धावणाऱ्यांच्याच पायाखाली तुडवलं जातं. फुप्फुसाच्या केशवाहिन्या मुळातच अरुंद. सेप्सिसमध्ये न्यूट्रोफिल ताठर होतात, तिथे अडकून बसतात आणि आपली विकरं तिथेच सांडतात. वाहिन्यांची भिंत पाझरू लागते, हवेच्या पिशव्यांत पाणी शिरतं आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. शिवाय एरवी एखाद्या दिवसात मुकाट्याने मरणारे हे न्यूट्रोफिल सेप्सिसमध्ये लवकर मरत नाहीत. पाहुण्याने मुक्काम वाढवावा तसे रेंगाळतात.

२००४ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी न्यूट्रोफिलचा आणखी एक पराक्रम उजेडात आणला. हा गडी आपला डीएनए उलगडून बाहेर फेकतो आणि त्याचं चिकट जाळं विणतो. जाळ्यात जिवाणू फसतात, ही झाली चांगली बाजू. पण रक्तवाहिनीच्या आत तेच जाळं पसरलं तर त्यावर प्लेटलेट चिकटतात, रक्त गोठतं आणि बारीक वाहिन्या तुंबतात. सेप्सिसच्या रुग्णाची बोटं काळी पडतात किंवा मूत्रपिंड बंद पडतं, त्यात या गोठण्याचाही हात असतो. मग जाळं विरघळवून टाकावं का? उंदरांवर ते करून पाहिलं गेलं. डीएनए तोडणारं विकर संसर्गानंतर अगदी लगेच दिलं तर त्रास वाढला, काही तासांनी दिलं तर अवयव वाचले. औषध तेच, उंदीर तसलेच, फरक फक्त घड्याळाचा. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

नवजात बाळात हीच गोष्ट उलटी होते. त्याच्या हाडांच्या मगजात न्यूट्रोफिलचा साठा फारच थोडा असतो आणि त्याच्या न्यूट्रोफिलना ते जाळं धडपणे विणताही येत नाही. त्यामुळे बाळाच्या सेप्सिसमध्ये काउंट वाढलेला दिसण्यापेक्षा घसरलेला दिसला तर डॉक्टर जास्त धास्तावतात, कारण गंगाजळी आटली. राखीव फौज नसलेल्या या जिवाला वाचवायचं तर बाहेरून मदत लवकर पोचणं हाच उपाय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेच केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाने दूध ओढणं सोडलं, रडणं मंदावलं, अंग गार पडलं ही लक्षणं ओळखून त्या घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडावाटे दुसरं प्रतिजैविक देऊ लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. महागड्या तपासण्या त्या झोपड्यांत कुठून असणार? बाळाची प्रतिकारशक्ती कुणी वाढवली नाही, तिच्यावरचा भार वेळेत हलका केला.

न्यूट्रोफिलनंतर मोनोसाइट. रक्तात असताना मोनोसाइट, ऊतींत शिरून स्थिरावला की मॅक्रोफेज. यांची भूमिका मारण्याइतकीच दवंडी पिटण्याची. टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ ही सायटोकाइन नावाची रासायनिक बोलावणी हेच पाठवतात. ताप, थंडी, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या, घसरलेला रक्तदाब यांचं बरंचसं श्रेय त्यांना जातं. कोविडच्या काळात "सायटोकाइन स्टॉर्म" हा शब्द टीव्हीवर रोज आदळायचा, तो हाच. मला तो शब्द फारसा आवडत नाही. वादळ म्हटलं की बाहेरून आलं आणि निघून गेलं असं वाटतं. इथे दवंडीवाला घरचाच असतो, आणि पुढचा त्रास त्याचा आवाज बसल्यावर सुरू होतो.

मोनोसाइटचं दुसरं काम म्हणजे गिळलेल्या जंतूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून लिम्फोसाइटना दाखवणं, "बघा, हा असा दिसतो." ज्या ताटलीवर तो तुकडा ठेवला जातो तिचं नाव एचएलए-डीआर. सेप्सिसमध्ये काही दिवसांतच या ताटल्या मोनोसाइटवरून उतरतात. पेशी असते, मोजली जाते, पण दाखवत काही नाही. तिला एंडोटॉक्सिनने पुन्हा डिवचलं तरी पहिल्यासारखी टीएनएफची बोंब ठोकत नाही. एका अर्थाने हा शहाणपणाच: सतत बोंबलत राहिलं तर घर जळेल. पण ही ताटली दिवसेंदिवस खालीच राहिली, तर त्या रुग्णाला रुग्णालयातच दुसरा संसर्ग होण्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पंचाईत अशी की सीबीसी या रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीत ही ताटली दिसत नाही. मोनोसाइट ६ टक्के असं मी छापतो, ते जागे आहेत की पेंगलेत हे त्या आकड्यात नसतं. त्यासाठी फ्लो सायटोमेट्रीचं यंत्र लागतं, जे तालुक्याच्या गावी नसतं.

आता ते ६४०. लिम्फोसाइटमध्ये मुख्यतः टी पेशी, बी पेशी आणि एनके पेशी येतात. १९९९ पासून अमेरिकेतल्या रिचर्ड हॉचकिस यांच्या गटाने सेप्सिसने दगावलेल्या रुग्णांच्या प्लीहा तपासायला सुरुवात केली. दृश्य भयाण होतं. मदतनीस टी पेशी आणि बी पेशी ढिगाने मेलेल्या. जंतूने मारलेल्या नव्हेत, स्वतःच स्वतःला संपवणाऱ्या यंत्रणेने मेलेल्या. लिम्फोसाइटना जंतूची ओळख पटवणाऱ्या डेंड्रायटिक पेशीही घटलेल्या. २०११ मध्ये याच मंडळींनी ४० रुग्णांच्या, मृत्यूनंतर तीन तासांच्या आत काढलेल्या प्लीहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या जिवंत राहिलेल्या पेशींना डिवचलं तर त्या सायटोकाइन किती बनवतात? इतर कारणांनी काढलेल्या प्लीहांच्या तुलनेत साधारण दहा टक्क्यांहूनही कमी. मेल्या त्या गेल्याच, उरल्या त्याही दमलेल्या. त्यांच्या अंगावर पीडी-१ सारखे "थांब" सांगणारे रेणू जास्त आढळले. हेच रेणू कर्करोगातही टी पेशींना गप्प बसवतात.

पेशी कमी झाल्या तर नव्या येतील, असं कुणी म्हणेल. पण नुकसान फक्त संख्येचं नाही. अशी गुपचूप मेलेली पेशी मॅक्रोफेजने गिळली की मॅक्रोफेजही शांत होतो आणि दाह दाबणारी रसायनं सोडू लागतो. रोजच्या व्यवहारात ते बरंच आहे, नाहीतर दररोज मरणाऱ्या कोट्यवधी पेशींपायी आपण कायम तापानेच तळमळत असतो. २००३ च्या एका प्रयोगात सेप्सिस झालेल्या उंदरांच्या अंगात काही संशोधकांनी अशा गुपचूप मेलेल्या पेशी सोडल्या, तर जास्त उंदीर मेले. फुटून मेलेल्या पेशी सोडल्या, तर जास्त जगले. पेशी मरते कशी, यानेही मागे उरलेल्यांचं भवितव्य बदलतं.

टी पेशींतला एक गट मात्र या पडझडीत तुलनेने तगून राहतो. त्या नियामक टी पेशी, ज्यांचं काम बाकीच्यांना आवरणं. त्यांची संख्या फार वाढते असं नाही, इतर मेल्यामुळे टक्केवारीत त्यांचा वाटा वाढतो. सभेतून सगळे उठून गेले आणि "गप्प बसा" म्हणणारेच उरले, अशी गत. बी पेशी आपण प्रतिपिंडं बनवणाऱ्या म्हणून ओळखतो, पण २०१२ मध्ये उंदरांत त्यांचा एक छोटा उपगट सापडला, जो जीएम-सीएसएफ नावाचा घटक तयार करतो. तो गट नसलेले उंदीर सेप्सिसमध्ये जास्त मेले. एनके पेशी उलट बाजूच्या. उंदरांच्या काही प्रयोगांत त्या काढून टाकल्यावर उंदीर जास्त जगले, कारण त्या सुरुवातीचा दाह भडकवतात. उंदरांच्या गोष्टी उंदरांपुरत्याच धरा, हे वेगळं सांगायला नको. स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या कोवळ्या उंदराची प्रतिकारयंत्रणा आणि मधुमेह असलेल्या सत्तरीच्या काकांची, यांत महदंतर आहे.

हे सगळं आधी माहीत नसल्याची किंमत मोजावी लागली. १९८० च्या दशकात टीएनएफ रोखला की एंडोटॉक्सिन दिलेले प्राणी वाचतात हे दिसलं आणि औषध कंपन्या धावल्या. टीएनएफ रोखणाऱ्या एका औषधाची चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, १४१ रुग्णांवरची. औषध न मिळालेल्यांत ३० टक्के दगावले, सर्वांत जास्त डोस मिळालेल्यांत ५३ टक्के. तेच औषध, एटानरसेप्ट, पुढे संधिवातावर मंजूर झालं आणि आज कितीतरी जणांची आखडलेली बोटं त्याच्यामुळे हलतात. औषध वाईट नव्हतं. सेप्सिसच्या सगळ्या रुग्णांना एकाच रांगेत उभं केलं, ही चूक.

ती चूक केवढी, हे एका जुन्या चाचणीच्या फेरतपासणीत दिसलं. आयएल-१ रोखणारं अनाकिनरा हे औषध १९९० च्या दशकात सेप्सिसमध्ये फोल ठरलं होतं. २०१६ मध्ये त्या चाचणीच्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा ४३ रुग्ण असे निघाले ज्यांचे मॅक्रोफेज खरोखर बेफाम झाल्याच्या खुणा होत्या, म्हणजे यकृत बिघडलेलं आणि रक्त जागोजागी गोठत असलेलं. या मूठभरांत औषध मिळालेले ६५ टक्के जगले, न मिळालेले ३५ टक्के. बाकी शेकडो रुग्णांच्या गर्दीत हा फायदा बुडून गेला होता. फेरतपासणीतला पुरावा कच्चाच मानायचा, पण दिशा कळते. उलट टोकाच्या, म्हणजे यंत्रणा थंड पडलेल्या रुग्णांना उठवायचे प्रयत्नही झालेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ रुग्णांच्या चाचणीत आयएल-७ हे लिम्फोसाइट वाढवणारं सायटोकाइन दिल्यावर लिम्फोसाइटची संख्या तीन ते चार पट झाली. त्याने माणसं जास्त वाचतात का, हे ठरवायला ती चाचणी फार लहान होती.

आपण हा धडा २०२१ मध्ये घराजवळ पाहिला. गंभीर कोविड हेही एक प्रकारचं सेप्सिसच, विषाणूने घडवलेलं. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा नाही. म्हणजे दाह भडकलेल्यांना द्या, इतरांना नको. दुसऱ्या लाटेच्या भीतीत हे दुसरं वाक्य अनेक ठिकाणी गळालं. घरी बसलेल्यांनीही पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलं, साखर चढली, आणि मग म्युकरमायकोसिस आला. महाराष्ट्रात त्याने कितीजणांचे डोळे आणि जबडे नेले. ही बुरशी आपल्या श्वासात एरवीही असते. तिला रोखणारे मुख्यतः न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज, आणि चढलेली साखर व स्टेरॉइड नेमके त्यांनाच लुळे करतात.

म्हणून "प्रतिकारशक्ती वाढवा" अशी पाटी लावलेल्या काढ्याच्या बाटल्या पाहिल्या की मला विचारावंसं वाटतं, कोणाची वाढवू? न्यूट्रोफिलची की नियामक टी पेशींची? पहिल्या दिवशी की चौथ्या?

चौथा दिवस मी उगाच म्हणत नाही. रक्तात जंतू सापडलेल्या ३३५ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेप्सिसचं निदान झाल्यावर चौथ्या दिवशीही लिम्फोसाइट खालीच राहिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, लगेचचंही आणि पुढच्या काळातलंही. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचेच लिम्फोसाइट पडतात, ते वर येतात का हा खरा प्रश्न. अर्थात स्टेरॉइडनेही हा आकडा उतरतो आणि काही विषाणूंनीही. तेव्हा एका आकड्यावरून कुणी भविष्य सांगू नये, मीही सांगत नाही. पण आता काकांच्या घरच्यांचा फोन आला की मी एकूण काउंटबरोबर हाही आकडा सांगतो आणि तो डॉक्टरांना विचारा म्हणतो. शिवाय हेही सांगतो की काउंट चार हजारांच्या खाली घसरला तर आनंद मानू नका, ताबडतोब विचारा.

काका घरी आले तरी हे प्रकरण लगेच मिटत नाही. मगजातून अर्धवट वाढलेल्या, दाह दाबणाऱ्या पेशी काही रुग्णांत आठवडेच्या आठवडे रक्तात फिरत राहतात. थोडा दाह धुमसत राहतो, स्नायू झडतात, आणि नव्या जंतूंपुढे यंत्रणा लंगडी असते. अंगात वर्षानुवर्षं निजलेले नागिणीच्या जातकुळीतले विषाणूही अशा वेळी डोकं वर काढतात. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा न्यूमोनिया होतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, बरा झालेला माणूस, नजर लागली. तेव्हा एक करा. डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा फक्त "न्यूमोनिया" किंवा "लघवीचा संसर्ग" एवढंच लिहिलेलं असतं. घरी पाठवताना डॉक्टरांकडून त्यावर "सेप्सिस" हा शब्द लिहून घ्या, फ्लू आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची ते विचारा, आणि पुन्हा ताप आला तर घरी गोळी देऊन वाट पाहण्याऐवजी तो कागद दवाखान्याच्या टेबलावर आधी ठेवा.